डाव्या हाताच्या बांगड्या

अक्का, आज सकाळीही मी तुझ्या दारापर्यंत गेले. डोक्यावर पदर घेतला, चपला बाहेर काढल्या, आत वाकून पाहिलं आणि मग आठवलं. खाट भिंतीला उभी करून ठेवली आहे. तुझी गोधडी बाहेर दोरीवर वाळते आहे. हातातला चहा तसाच घेऊन मी उंबऱ्यावर बसले. उठून कुठे जायचं ते सुचेना.

रोज सकाळी हेच तर करायची. चहा घेऊन यायची, तू डावा हात पुढे करायचीस आणि म्हणायचीस, "ऐक वं कांता, मोटर चालू हाय का?" मी तुझ्या मनगटाच्या वर, टाक्यांच्या खुणेपाशी कान टेकवायची. आत घुर्र घुर्र असा आवाज यायचा, लांबच्या वावरात कुणी विहिरीवरची मोटर सुरू करावी तसा. डॉक्टरांनी तिथे तुझ्या दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडून दिल्या होत्या. म्हणून तिथून रक्त जोरात धावायचं आणि डायलिसिसच्या सुया तिथेच टोचायच्या. आवाज आहे म्हणजे वाट मोकळी आहे. वाट मोकळी आहे म्हणजे तू आहेस. मी मान हलवायची.

"तोंडानं सांग ना. मान हालवलेली मले ऐकू येते का?"

मग मी म्हणायची, "चालू हाय."

दिवसभरात माझ्या तोंडून निघणारा तो पहिला शब्द असायचा. कितीतरी दिवस तोच शेवटचाही. आता तोही नाही. तू गेल्यापासून मी किती बोलले ते मोजायला बसले तर काही हातालाच लागत नाही. म्हणून लिहायला घेतलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पाहा बावा, चौथी शिकलेली बाई पोथी लिहून राह्यली." म्हण. काहीतरी म्हण.

या घरात मी आले तेव्हा तू दारात उभी होतीस. मोठी जाऊ. चारचौघांत मी तुला अहो-जाहो करायची, वावरात दोघीच असलो की तू. तुझे मालक म्हणजे माझे भासरे. त्यांच्यासमोर धाकट्या सुनेनं बोलायचं नाही, हे मला माहेरातून सांगूनच पाठवलं होतं. मला ते सोपं गेलं, कारण मी कुणासमोरच बोलत नव्हते. पहिल्याच दिवशी तू मला चुलीपाशी विचारलंस, "मुकी हायेस का लाजरी?" मी मान हलवली. तू हसून म्हणालीस, "कशाले हालवली ते तरी सांग." आणि त्या दिवसापासून माझ्या वाटचं तू बोलायला लागलीस. मी आजारी पडले तर सासूला तू सांगायचीस. माझ्या मालकांना हंगामात पुण्याकडे कामाला जायचं असलं की, "तिले इचारलं का?" असं तूच त्यांना विचारायचीस. मंगरूळच्या बाजारात मी जुड्या बांधायची, तू विकायचीस. मेथी, पालक, कोथिंबीर. तुझा आवाज भाजीच्या ओळीच्या पार त्या टोकाला जायचा. गिऱ्हाईक जुडी हातात घेऊन नाक मुरडायला लागलं की तू म्हणायचीस, "ताई, मेथी हाय, नवरदेव नाही. इतकं काय पाहून राह्यल्या?" बाया हसत हसत घेऊन जायच्या.

परवा मी एकटी गेले बाजारात. भासरे म्हणाले, माल वावरात सडते, जाऊन तर पाहा. मी तुझ्याच जागेवर बसले. गिऱ्हाईक आलं, विचारलं, "कशी दिली?" मी तोंड उघडलं. ते उभं राहिलं, वाट पाहिली, आणि पुढे गेलं. दुपारपर्यंत मेथीनं मान टाकली. टोपली तशीच घरी आणली आणि गाईपुढे रिकामी केली. गाय खात होती आणि मी तिच्या मानेला धरून उभी होते. अक्का, मी काय करू ते सांग. तुझ्याशिवाय कुणाला विचारायची सवयच तू मला लागू दिली नाहीस.

तुझ्या पायांना सूज यायला लागली तेव्हा आपण उन्हाला दोष दिला. मग चेहऱ्यावर सूज आली, मग धाप लागायला लागली. वाशीमला डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या. तू त्यांना विचारलंस, "कुठी गेल्या?" ते हसले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मानेत नळी घातली आणि त्यातून डायलिसिस सुरू झालं. पण ती नळी काही दिवसांपुरती, त्यातून जंतू आत शिरतात, हातात कायमची वाट करून घ्या, असं सगळ्यांनी सांगितलं. म्हणून आपण अकोल्याला गेलो. भासरे घरी थांबले, वावराला पाणी देणारं कुणी नव्हतं. तुझ्यासोबत मी. मी! तू एस.टी.त म्हणालीस, "दवाखान्यात काही इचारलं तं सांगशीन ना वं, का दोघींले एकाच खाटीवर झोपवतीन?"

ऑपरेशनच्या आधी नर्स आली आणि म्हणाली, "या हातातल्या बांगड्या फोडून टाका." तू हात मागे ओढलास.

"फोडा काय म्हन्ता? सवाष्ण बाई हाय मी. वाढवा म्हना."

"बरं, वाढवा. पण काढा."

साबण लावून मी एकेक बांगडी उतरवली. उतरेना ती रुमालात धरून वाढवली. तुझं मनगट मी कधी मोकळं पाहिलं नव्हतं. तिथली कातडी पांढरी होती, लहान पोरीच्या हातासारखी. तू तिकडे पाहिलं नाहीस. भिंतीकडे पाहत राहिलीस.

मग ती भूल देणारी डॉक्टरीणबाई आली. तू माझा हात सोडेनास, म्हणून तिनं मलाही टोपी आणि झगा घालून सुई देण्याच्या खोलीत बसू दिलं. ती म्हणाली, "तुमचं हृदय थकलेलं आहे, म्हणून पूर्ण भूल देणार नाही. इथे गळ्याच्या हाडाच्या वरून हाताकडे नसा जातात. दुखणं कळवणाऱ्या नसा. त्यांच्याभोवती औषध सोडते. फक्त हात झोपेल, तुम्ही जाग्या राहाल. आणि हात झोपला की रक्ताच्या शिरा फुगतात, जोडणाऱ्या डॉक्टरांना सोपं जातं."

"म्हंजे हात झोपीन आन् तोंड जागं राहीन?"

"हो."

"मंग तुमचीच पंचाईत हाय, डॉक्टरीनबाई."

ती इतकी हसली की तिला सुई बाजूला ठेवावी लागली.

तिनं तुझ्या गळ्यापाशी लोण्यासारखं गार काहीतरी लावलं आणि त्यावरून एक यंत्र फिरवलं. शेजारच्या पडद्यावर राखाडी राखाडी दिसायला लागलं. एक काळा गोल धडधडत होता, ती मोठी रक्तवाहिनी. तिच्या बाजूला छोटे छोटे गोल एकमेकांना चिकटून बसले होते. "या नसा," डॉक्टरीणबाई म्हणाली, "द्राक्षाच्या घडासारख्या दिसतात ना?" मला तसं दिसलं नाही. जुडी बांधून झाल्यावर आपण विळ्यानं बुडखे कापतो, मग देठांची कापलेली टोकं कशी दिसतात, गोल गोल, एकमेकांत दाबलेली. अगदी तसं. मी तुझ्या कानात सांगितलं. तू लगेच मोठ्यानं, "डॉक्टरीनबाई, हे म्हन्ते, मेथीच्या जुडीवानी दिसते. मेथी इकतो ना आमी."

"आता मलाही मेथीच दिसणार," ती म्हणाली, आणि त्या जुडीच्या कडेकडेनं तिनं सुई नेली. औषध काळ्या पाण्यासारखं पसरलं आणि देठं एकेक करून मोकळी झाल्यासारखी दिसली. तुझ्या उजव्या हातानं माझी बोटं चुरगळली होती.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "बोटं हलवा."

"हालवून राह्यलो ना."

बोटं हलली नव्हती. तू मान वळवून पाहिलंस. तुझा हात तुझ्याच पोटावर पडला होता आणि तू त्याच्याकडे परक्यासारखी पाहत होतीस. "कोनाचा हात ठेवला वं माया अंगावर?" तू हसत विचारलंस, पण हसू शेवटपर्यंत पुरलं नाही.

बाहेर आलीस तेव्हा तुझा आवाज बसला होता आणि डावी पापणी खाली उतरली होती. मी घाबरले. डॉक्टरीणबाई म्हणाली, औषध शेजारच्या नसांपर्यंत गेलं की असं होतं, हात जागा झाला की हेही जाईल. मग मला बजावून सांगितलं, हात जागा होईपर्यंत तान्ह्या लेकरासारखा सांभाळायचा. खाली लोंबू द्यायचा नाही, अंगाखाली येऊ द्यायचा नाही, गरम काही लागू द्यायचं नाही. भाजलं तरी त्यांना कळणार नाही. आणि जन्मभरासाठी, या हातात बांगडी नाही, घड्याळ नाही, ओझं नाही, दाब नाही.

तेवढ्यात भासऱ्यांचा फोन वाजला. तुला आवाज नाही. तू फोन माझ्या हातात कोंबलास. मी आधी पदर सावरला. फोनवर! तू आवाज न करता इतकी हसलीस की तुला ठसका लागला.

मी म्हणाले, "झालं."

पलीकडून भासरे म्हणाले, "कोन बोलते?"

इतकी वर्षं एका घरात राहून त्यांनी माझा आवाज ओळखला नाही. मी म्हणाले, "कांता." ते म्हणाले, "बरं. बरं. काळजी घ्या." मी फोन ठेवला. तू घोगऱ्या आवाजात म्हणालीस, "पाहा, येते ना बोलता."

त्या दुपारी तुझा हात माझ्या मांडीवर होता. तू डोळे मिटून पडली होतीस. हात जड होता, गरम होता, आणि तो तुझा नव्हता. तुला काही कळत नव्हतं म्हणून मी धीट झाले. तुझ्या बोटांवर सुतळीनं पडलेल्या भेगा एकेक करून चाचपल्या. तळहातावरून हात फिरवला. आपण दोघी इतक्या वर्षांत एकमेकींना फक्त वस्तू दिल्या-घेतल्या होत्या, टोपली, विळा, तुझी तान्ही मनीषा. नुसता हात असा कधी धरला नव्हता. मी त्या हाताकडे पाहून हळूच म्हणाले, "तू गेली तं मी कशी जगू?"

तू डोळे न उघडता विचारलंस, "काय बोल्ली?"

"काही नाही."

दिवस कलायला लागला तेव्हा अंगठा हलला. मग करंगळी. तू म्हणालीस, "मुंग्या येऊन राह्यल्या वं." मी तुझा हात खाली ठेवला. पुन्हा धरायचं माझं धाडस झालं नाही. आज वाटतं, जागा झाल्यावरही धरून ठेवायला हवा होता.

मग मोटर सुरू झाली. काही आठवड्यांनी शिरा जाड झाल्या, सुया तिथे टोचायला लागले, मानेतली नळी निघाली. तुझ्या अंगात पाणी साचायचं थांबलं. तू पुन्हा बाजारात बसलीस. टोपली मी उचलायची, ओरडायची तू. मला वाटलं, जिंदगी अशीच गेली तरी चालेल. वाशीमची गाडी, डायलिसिसची खुर्ची, परतीला खिडकीत डुलक्या घेणारी तू. मला काही तक्रार नव्हती, अक्का. मी सुखात होते, हे तुला कधी सांगितलं नाही.

पण तुझा डावा हात मोकळा होता. उजव्यात हिरव्यागार बांगड्या आणि डाव्यात काही नाही. हळदीकुंकवाला गेलीस की बाया आधी हाताकडे पाहायच्या, मग कपाळाकडे. एकीनं तर तोंडावर म्हटलं, "एका हातानं सवाष्ण आन् एका हातानं रांड, हे कोनतं सोंग वं?" तू तिला उत्तर दिलंस, "दुसऱ्या हातानं तुले मारता यावं म्हनून खाली, रिकामा ठेवला." सगळ्या हसल्या. घरी येऊन तू चुलीपाशी बराच वेळ बसलीस आणि पदर डाव्या हातावर ओढून घेतलास. त्या दिवसापासून बाहेर जाताना तुझा पदर डाव्या हातावरच असायचा.

मी म्हणायची, "लोकायचं सोड." तू म्हणायचीस, "तुया दोन्ही हातात हाय म्हनून बोलतं." दुसऱ्या दिवशी मी माझ्या डाव्या हातातल्या काढून ठेवल्या. तू पाहिलंस आणि माझ्या अंगावर ओरडलीस. "मालक जिता हाय तुया! अपशकुन करतं का? घाल आधी!" मी घातल्या. त्यावर आपण पुढे कधी बोललो नाही.

मग मनीषाचं लग्न ठरलं. तुझी एकुलती एक. तू दवाखान्यातल्या सगळ्यांना पेढे वाटलेस. एक पेढा हातात ठेवून बसलीस आणि पथ्य असूनही नर्सदेखत तोंडात टाकलास, "आजच्यापुरता, बाई."

हळदीच्या दिवशी कासारीण मांडवात आली. अंगणात सतरंजी टाकली, बाया गोल बसल्या, हिरव्या बांगड्यांच्या माळा समोर ओतल्या. मी चूल सोडून तुझ्याजवळ येऊन उभी राहिले. मला पाहून तू म्हणालीस, "कांता, कोथिंबीर कमी पडन. वावरातून घेऊन ये बरं."

"हाय ना घरात."

"कमी पडन म्हन्तो ना! जाय."

मी गेले. वावर लांब नाही. पण मी कोथिंबीर उपटली, धुतली, पाटीत भरली. परत आले तेव्हा कासारीण सामान आवरत होती. तू मांडवाच्या खांबाला टेकून उभी होतीस आणि दोन्ही हात मनगटापासून वर हिरवे होते. डाव्या हातात घट्ट बसवलेल्या. कासारणीच्या हाताची कमाल सगळ्याच जाणतात. तळहात दाबून, अंगठा मुडपून, मापाहून लहान बांगडीही ती चढवते, आणि घट्ट बसली की बाया म्हणतात, हातात शोभते. कडेला दोन पाटल्याही होत्या. टाक्यांची खूण त्यांच्याखाली झाकून गेली होती.

पाटी माझ्या हातातून खाली गेली. मी तुझ्याजवळ आले. तू ओठ न हलवता म्हणालीस, "आता नाही. मांडवात लोक हाय. पोट्टी सासरी जाऊ दे, मंग काढीन." आणि पुढे झालीस. तुझा चेहरा मी तसा आजारपणाच्या आधी पाहिला होता, नंतर नाही. तू नवरीच्या आईसारखी दिसत होतीस. म्हणून माझा राग पुरता रागही होईना.

लग्नाच्या सकाळी चहा घेऊन आले तर तू खोलीत नव्हतीस. तू मला दिवसभर एकटी सापडली नाहीस. मनीषा गेली, मांडव सुटला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू खाटेवर बसून आपणच साबण लावून बांगड्या उतरवत होतीस. मनगटाला लाल वळ पडले होते. हात पुढे केलास.

मी कान लावला. मग थोडा वर लावला. मग खाली. मग बोटं ठेवली. बाहेर मांडवाचे बांबू उतरवत होते, म्हणून मी दार लावून पुन्हा ऐकलं.

"मोटर बंद हाय का?" तू विचारलंस.

मी मान हलवली. त्या दिवशी तू मला तोंडानं सांगायला लावलं नाहीस.

अकोल्याला तीच डॉक्टरीणबाई भेटली. "मेथीवाल्या बाई!" ती म्हणाली, आणि मग तिनं मनगट हातात घेतलं. वळ पाहिले. तुझा पदर होता तसा हातावर ओढून दिला. आत रक्त गोठून बसलं होतं. ते काढायचा प्रयत्न झाला, जमला नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, आता उजव्या हातात करू, थोडे दिवस मानेतली नळी पुन्हा घालावी लागेल. नळी घातली, तारीख मिळाली.

"उजवा झोपला तं कांताच्या मुस्काटात कोन मारीन?" तू म्हणालीस. पण परतीच्या गाडीत तू उजवा हात छातीशी धरून बसली होतीस. हळूच म्हणालीस, "भाकर थापतो या हातानं. जुडी देतो. हा तरी पुरा जागा होईन ना वं?" मी म्हणाले, "होईन." खिडकीतून पाहत तू म्हणालीस, "यातल्याही काढा लागतीन. दोन्ही खाली."

ती तारीख आलीच नाही. डायलिसिसच्या खुर्चीतच तुला थंडी भरली. इतकी की खुर्ची वाजत होती. नळीतून जंतू रक्तात गेले, असं म्हणाले. वाशीमच्या वॉर्डात मी तुझ्या उशाशी बसले होते. दुपार होती, समोरच्या खाटेवरची बाई जेवत होती. तुझं अंग विस्तवासारखं होतं. आणि मी तेव्हा विचारलं. आजाऱ्याला असं विचारू नये हे कळत होतं, तरी विचारलं.

"मले काहून धाडलं वावरात?"

तू डोळे उघडलेस. मला वाटलं चेष्टा करशील. नाही केलीस.

"तू असती तं काय केलं असतं?" तू विचारलंस. "बोल्ली असती? कासारनीसमोर, इतक्या बायांसमोर, तुया भासऱ्यासमोर? आवाज निघाला असता तुया?"

मला खरंच माहीत नव्हतं. तू वाट पाहिलीस, त्या बाजारातल्या गिऱ्हाइकासारखी. मग डोळे मिटलेस. माझं उत्तर यायच्या आधीच तू गेलीस, अक्का. त्या प्रश्नासमोर मला बसवून गेलीस.

तुला घरी आणलं. अंघोळ घातली. तू मालकाच्या आधी गेलीस, सवाष्ण गेलीस, म्हणून बाया म्हणत होत्या, भाग्याची, भाग्याची. मला त्यांची तोंडं बंद करावीशी वाटत होती. हिरवी साडी नेसवली, मळवट भरला. कासारणीला बोलावलं होतं. तीच. ती रडत होती बिचारी. अंगणात सगळा गाव उभा होता. भासरे तुझ्या पायापाशी बसले होते. कुणीतरी म्हणालं, "दोन्ही हात भरा वं तिचे. लय दिवस एक हात खाली राह्यला." कासारणीनं उजवा भरला. मग तिनं तुझा डावा हात उचलला. हात गार होता, कडक व्हायला लागला होता. बांगडी चढेना. तिनं तळहात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि दाबला.

"दाबू नका!"

मी इकडेतिकडे पाहिलं. कोण ओरडलं ते मलाच कळलं नाही. सगळं अंगण माझ्याकडे पाहत होतं. भासऱ्यांनी मान वर केली.

"त्या हाताले दाबू नका. डॉक्टरनं सांगतलं हाय. सोडा. सोडा तो हात!"

माझा पदर खाली पडला होता. मी कासारणीचा हात धरून बाजूला केला होता. मग शेजारची म्हातारी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "कांता, बाई माये, आता काय होते तिले?"

मी तुझा हात मांडीवर घेतला. तसाच, त्या दुपारसारखा. जड होता. कासारणीला म्हणाले, सगळ्यात मोठ्या द्या. ती म्हणाली, सैल होतील, ओघळतील. मी म्हणाले, होऊ दे. एकेक करून मी घातल्या, कुठेही दाब न देता. त्याआधी एकदा कान लावला. सगळ्यांच्या देखत. सवयीनं.

अक्का, तू विचारलं होतंस ना, आवाज निघाला असता का. निघाला असता. इतक्या बायांसमोर, भासऱ्यांसमोर, मांडवात. मी ओरडले असते, तुला राग आला असता, तू मला चारचौघांत शिव्या दिल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आले असते.

मला कोथिंबीर आणायला पाठवायला नको होतंस.